बाळाची लघवी आणि विषाणूंचा माग: सत्तर वर्षांची गोष्ट

तान्ह्या बाळाला ताप आला, नाक वाहू लागलं, दूध पिणं कमी झालं, की आई-वडिलांचा प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टर, हा व्हायरलच आहे हे कशावरून?" प्रश्न अगदी रास्त आहे. मोठं मूल घसा दुखतोय, पोट दुखतंय असं सांगू शकतं. तान्हं बाळ फक्त रडतं, किंवा त्याहून काळजीचं म्हणजे गप्प पडून राहतं. रक्त घ्यायचं तर शीर सापडत नाही, आणि नाकात काडी घालून नमुना घ्यायचा तर बाळ आकांत करतं.

लघवी मात्र बाळ दिवसातून कितीतरी वेळा, न मागता आणि न रडता देतं. त्या लघवीतून विषाणूंच्या आजाराबद्दल काही कळेल का, या प्रश्नामागे संशोधक गेली सत्तर वर्षं लागले आहेत. ही गोष्ट समजून घेतली, तर आज कोणत्या चाचणीवर भरवसा ठेवायचा आणि कोणत्या नाही, हेही आपोआप लक्षात येतं.

लघवीत एवढं असतं तरी काय?

एखाद्या घरात काल काय शिजलं हे कचऱ्याच्या डब्यावरून ओळखता येतं. शरीराचंही तसंच आहे. आपल्या पेशींमध्ये अन्नापासून ऊर्जा तयार होते, जुनी प्रथिनं मोडतात, नवी बनतात. या सगळ्या घडामोडींना आपण चयापचय म्हणतो आणि त्यातून तयार होणाऱ्या लहान लहान रसायनांना मेटाबोलाइट. त्यांतली नको असलेली रसायनं मूत्रपिंडं गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात.

हे आपल्या पूर्वजांनी डोळ्यांनी आणि नाकाने टिपलं होतं. आयुर्वेदाच्या संहितांमध्ये मधासारख्या गोड लघवीचं वर्णन आहे आणि 'मधुमेह' हा शब्द तिथूनच आला. लघवीकडे मुंग्या लागतात ही खूणही जुनीच. आजच्या भाषेत सांगायचं तर साखर हा मेटाबोलाइट आणि मुंग्या ही चाचणी!

ओला लंगोट आणि हिरवा रंग

लहान मुलांच्या बाबतीत या विषयाला खरी कलाटणी मिळाली ती 1934 मध्ये, नॉर्वेतल्या ऑस्लो शहरात. एका आईची दोन्ही मुलं मतिमंद होती आणि त्यांच्या अंगाला एक विचित्र कुबट वास येत असे. ती आई उत्तर शोधत डॉ. आस्ब्योर्न फोलिंग यांच्यापर्यंत पोहोचली. फोलिंग यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड हे रसायन टाकलं आणि लघवी हिरवी झाली. असा रंग त्यांना अपेक्षित नव्हता. महिनोन्‌महिने खपून त्यांनी त्या रंगामागचं आम्ल शोधून काढलं. आज आपण त्या आजाराला फिनाइलकीटोन्युरिया किंवा पीकेयू म्हणतो. हा आजार विषाणूचा नाही, जन्मजात आहे. पण लघवीतल्या एका रसायनावरून बाळाच्या मेंदूवर काय बेतलं आहे हे कळू शकतं, हे त्याने दाखवून दिलं.

पुढे 1957 मध्ये अमेरिकेत डॉ. विलार्ड सेंटरवॉल यांनी हीच चाचणी थेट ओल्या लंगोटावर करायची पद्धत आणली. लंगोटावर फेरिक क्लोराइडचे थेंब टाकायचे आणि हिरवा डाग उठतो का ते पाहायचं. किती सोपं, किती स्वस्त! सुईसुद्धा लागत नाही.

पण यात एक मोठी खोट होती. ते आम्ल लघवीत पुरेशा प्रमाणात उतरायला जन्मानंतर काही आठवडे जावे लागतात आणि मेंदूचं नुकसान तोवर सुरू झालेलं असतं. म्हणून रॉबर्ट गथ्री यांनी टाचेतून रक्ताचे दोन थेंब टिपकागदावर घेऊन करायची चाचणी शोधली आणि ती 1963 मध्ये प्रसिद्ध झाल्यावर लंगोटाची चाचणी मागे पडली. बाळाला टोचावं लागलं तरी चालेल, पण निदान वेळेत हवं, हा धडा त्यातून मिळाला. तो पुढेही लक्षात ठेवू या.

पहिला प्रश्न: विषाणू आहे का?

आता विषाणूंकडे वळू. काही बाळं जन्मतःच आजारी असत. कावीळ, वाढलेलं यकृत आणि प्लीहा, अंगावर जांभळे ठिपके, लहान डोकं. अशा काही बाळांच्या मृत्यूनंतर तपासणीत फुगलेल्या, मोठाल्या पेशी सापडत. त्या पेशींच्या केंद्रात घुबडाच्या डोळ्यासारखा ठिपका दिसे. बाळ जिवंत असताना निदान करण्याचा मार्गच नव्हता.

1952 मध्ये अमेरिकेतले डॉ. फेटरमन यांनी अशा पेशी बाळाच्या लघवीच्या गाळात सूक्ष्मदर्शकाखाली दाखवल्या. जे शवविच्छेदनात दिसायचं, ते आता बाळ जिवंत असताना लघवीच्या थेंबात दिसू लागलं.

त्यानंतर काही वर्षांत, 1956-57 च्या सुमारास, तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी या आजारामागचा विषाणू वाढवून दाखवला. त्यांतल्या बॉस्टनच्या थॉमस वेलर यांनी तो आजारी बाळांच्या लघवीतूनही वेगळा केला. पोलिओचा विषाणू प्रयोगशाळेत वाढवण्याच्या कामासाठी 1954 चं नोबेल पारितोषिक ज्या तिघांना मिळालं, त्यांतले हे एक. या नव्या विषाणूला 'सायटोमेगॅलोव्हायरस' म्हणजे सीएमव्ही हे नावही त्यांनीच दिलं. जन्मतः लागण झालेली बाळं हा विषाणू लघवीतून दीर्घकाळ बाहेर टाकत राहतात, हेही लवकरच लक्षात आलं.

वेलर यांच्या दहा वर्षांच्या मुलाला रुबेला झाला आणि त्यांनी त्याच्या लघवीतून रुबेलाचा विषाणू वाढवला. हे काम 1962 मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या दुसऱ्या एका गटालाही तो सापडला. वेळ अगदी योग्य होती. 1964-65 मध्ये अमेरिकेत रुबेलाची प्रचंड साथ आली आणि सुमारे 20,000 बाळं जन्मजात रुबेला घेऊन जन्मली. कुणाला मोतीबिंदू, कुणाला बहिरेपणा, कुणाच्या हृदयात दोष. ही बाळं घशातून आणि लघवीतून कित्येक महिने विषाणू बाहेर टाकत होती. म्हणजे त्यांचे लंगोट बदलणाऱ्या गरोदर परिचारिकेला आणि तिच्या पोटातल्या बाळालाही धोका होता. हे कळल्यामुळे वॉर्डातली काळजी बदलली. 1969 मध्ये अमेरिकेत लस आली. आपल्या देशात 2017 पासून गोवर-रुबेला लस सरकारी लसीकरणात देण्यास सुरुवात झाली.

लघवीत खुद्द विषाणू शोधण्याचा हा मार्ग आजही चालू आहे. जन्मजात सीएमव्हीची शंका असेल, तर बाळाची लघवी किंवा लाळ जन्मानंतरच्या पहिल्या 21 दिवसांत पीसीआर तपासणीसाठी पाठवतात. त्यानंतर पाठवली, तर लागण पोटात असताना झाली की जन्मानंतर, हे खात्रीने सांगता येत नाही. सीएमव्हीमुळे येणारा बहिरेपणा कधी कधी जन्मल्यावर लगेच नसतो, नंतर वाढतो. त्यामुळे बाळ नवजात श्रवण चाचणीत नापास झालं आणि डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली, तर "पुढच्या महिन्यात बघू" असं म्हणू नका. इथे तारखेला महत्त्व आहे.

दुसरा प्रश्न: शरीर झुंजतंय कसं?

सगळेच विषाणू लघवीत उतरत नाहीत. सर्दी-खोकल्याचे बहुतेक विषाणू नाक, घसा आणि फुप्फुसातच राहतात. मग लघवीचा उपयोग काय? चोर सापडला नाही, तरी त्याच्यामागे धावणाऱ्या लोकांचा गलका ऐकू येतो. हा गलका म्हणजे शरीराची प्रतिक्रिया, आणि ती लघवीत उमटते.

1979 या एकाच वर्षी याचे दोन पुरावे मिळाले. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये हेल्मुट वाख्टर आणि सहकाऱ्यांना दिसलं की कर्करोगाच्या आणि विषाणूजन्य आजारांच्या रुग्णांच्या लघवीत निओप्टेरिन नावाचा पदार्थ वाढतो. गंमत म्हणजे हा पदार्थ 1963 मध्ये आधी मधमाश्यांमध्ये सापडला होता! पुढे कळलं की विषाणूशी लढताना शरीर गॅमा इंटरफेरॉन नावाचा संदेश सोडतं आणि तो मिळताच मॅक्रोफेज या आपल्या भक्षक पेशी निओप्टेरिन तयार करू लागतात.

त्याच वर्षी जपानमध्ये ओसामू हायाइशी यांच्या गटाने उंदरांना इन्फ्लुएन्झाची लागण केली. तेव्हा फुप्फुसातलं एक विकर जोमाने कामाला लागल्याचं त्यांना दिसलं. विकर म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन. हे विकर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचं विघटन करून त्याचं कायन्युरेनिनमध्ये रूपांतर करण्याची सुरुवात करतं. संसर्ग फुप्फुसात असला, तरी त्याने चयापचयाची दिशा बदलते हे त्यातून स्पष्ट झालं.

पण इथेच एक मर्यादाही दिसते. निओप्टेरिन क्षयरोगात वाढतं, एचआयव्हीमध्ये वाढतं, काही संधिवातांमध्येही वाढतं. गलका ऐकू आला म्हणून चोर कोण ते कळत नाही. एकाच रसायनावर निदान बेतणं शक्य नव्हतं.

एका थेंबात शेकडो रसायनं

मग कल्पना पुढे आली की एक रसायन पुरत नसेल, तर शेकडो रसायनं एकत्र पाहावीत आणि त्यांची नक्षी वाचावी. 1971 मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी लघवीच्या वाफेत सुमारे 280 आणि माणसाच्या श्वासात सुमारे 250 वेगवेगळे पदार्थ मोजता येतात हे दाखवलं. 1984 मध्ये इंग्लंडमध्ये जेरेमी निकल्सन आणि सहकाऱ्यांनी एनएमआर तंत्र वापरून, लघवीवर फारशी प्रक्रिया न करता, तिच्यातली अनेक रसायनं एकाच वेळी ओळखून दाखवली. एमआरआय स्कॅन ज्या तत्त्वावर चालतो, त्याच तत्त्वावर हे तंत्र चालतं. 2013 मध्ये कॅनडातल्या एडमंटन इथल्या डेव्हिड विशार्ट यांच्या गटाने मानवी लघवीतल्या 3,000 हून अधिक मेटाबोलाइटांची यादीच प्रसिद्ध केली.

याच शहरातल्या संशोधकांनी 2009 मध्ये लघवीच्या नक्षीवरून न्यूमोकोकस या जिवाणूचा न्यूमोनिया इतर आजारांपासून वेगळा ओळखण्याचा प्रयत्न प्रसिद्ध केला. तुमच्या-माझ्यासाठी हा प्रश्न सगळ्यात जवळचा आहे. आजार जिवाणूचा असेल तर प्रतिजैविक म्हणजे अँटिबायोटिक लागतं, विषाणूचा असेल तर त्याचा काही उपयोग नसतो. उलट जुलाब होतात, ॲलर्जी होऊ शकते आणि औषधांना न जुमानणारे जिवाणू वाढतात.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत सगळ्यांत जास्त लक्ष गेलं ते आरएसव्ही या विषाणूकडे. 1956 मध्ये तो अमेरिकेत सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये सापडला. लगेच पुढच्या वर्षी रॉबर्ट चॅनॉक यांनी तो आजारी बाळांमध्ये दाखवला. बाळाच्या बारीक श्वासनलिका सुजवून धाप लावणारा ब्रॉन्कियोलायटिस हा आजार बहुतेक वेळा याच विषाणूमुळे होतो. ज्या बाळांना तो जोरात होतो, त्यांतल्या काहींना पुढे वारंवार छातीत घरघर होते. पण कोणाला होणार आणि कोणाला नाही?

2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासाने याचं उत्तर लघवीत शोधून पाहिलं. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळांची लघवी निरोगी असताना आणि आरएसव्ही किंवा रायनोव्हायरसची लागण असताना घेतली आणि एनएमआरने तपासली. निरोगी बाळं आणि दोन्ही विषाणूंची बाळं यांच्या नक्षीत फरक दिसला. पुढे घरघर झालेल्या आणि न झालेल्या मुलांचीही अशीच तुलना करण्यात आली. असे अभ्यास आशादायक आहेत. पण गटागटांत सरासरी फरक दिसणं आणि तुमच्या एका बाळाचं निदान करता येणं, या दोन गोष्टींत बरंच अंतर आहे.

घोडं कुठे अडतं?

पहिली अडचण नमुन्याची. चिकटवायची पिशवी लावली तर कातडीवरचे आणि शीचे जंतू मिसळतात, आणि डायपरमधला शोषक पदार्थ लघवी धरून ठेवतो.

दुसरी अडचण लघवीच्या पातळपणाची. बाळाने जास्त दूध प्यायलं की लघवी पातळ, कमी प्यायलं की दाट. म्हणून प्रत्येक रसायन क्रिएटिनिनच्या तुलनेत मोजतात. पण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि बाळाचे स्नायू दर महिन्याला वाढतात. दोन महिन्यांच्या आणि दहा महिन्यांच्या बाळाला एकच मापदंड लावता येत नाही.

तिसरी अडचण सगळ्यांत मजेशीर. निकल्सन यांच्या 1984 च्या त्या कामात एनएमआरला दोन गोष्टी स्पष्ट दिसल्या होत्या: उपाशी माणसाच्या लघवीतला बदल आणि पॅरासिटामॉल घेतलेल्या माणसाच्या लघवीतला बदल. आता ताप आलेलं बाळ डोळ्यांसमोर आणा. ते दूध कमी पितं, आणि आपण त्याला पॅरासिटामॉल देतो! म्हणजे नक्षीत दिसणारा फरक विषाणूचा, उपाशीपणाचा की औषधाचा, हे वेगळं काढावं लागतं. शिवाय आईचं दूध आणि डब्याचं दूध पिणाऱ्या बाळांच्या आतड्यातले जंतू वेगळे, म्हणून त्यांची लघवीही वेगळी.

आणि लंगोटाच्या चाचणीचा धडा इथेही लागू आहे. धाप लागलेल्या बाळाच्या लघवीचा अहवाल चार दिवसांनी आला, तर तो उपचाराच्या कामाचा नाही.

मग आज तुम्ही काय करायचं?

साध्या विषाणूजन्य तापाच्या निदानासाठी मेटाबोलाइटची लघवी चाचणी आज नेहमीच्या वापरात नाही. 'जीसीएमएस' नावाची लघवीची चाचणी तुम्ही ऐकली असेल. ती जन्मजात चयापचय दोष शोधण्यासाठी असते आणि त्यासाठी फार उपयोगी आहे. सर्दी-तापाचा विषाणू ओळखण्यासाठी ती नाही.

तरीही तापात लघवीचं महत्त्व कमी होत नाही. या गोष्टी लक्षात ठेवा:

- तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस म्हणजे 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल, तर घरी वाट पाहू नका. त्याच दिवशी, ताबडतोब डॉक्टरांकडे न्या.
- तापाचं कारण सापडत नसेल, तर डॉक्टर साधी लघवी आणि लघवीचं कल्चर सांगतात. ते विषाणूसाठी नसून मूत्रमार्गातला जिवाणू संसर्ग सुटू नये म्हणून असतं. प्रतिजैविक सुरू करण्याआधी नमुना द्या. जागा स्वच्छ धुऊन, धार सुरू झाल्यावर निर्जंतुक बाटलीत धरलेली लघवी पिशवीतल्यापेक्षा चांगली.
- पहिल्या आठवड्यानंतर बाळाने दिवसभरात साधारण सहा किंवा जास्त वेळा लंगोट ओला करायला हवा. आजारपणात हे प्रमाण निम्म्यावर आलं, सहा ते आठ तास लघवीच झाली नाही, किंवा ती गडद पिवळी दिसली, तर शरीरातलं पाणी कमी होतंय असं समजा.
- श्वास मोजा. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त श्वास, बरगड्यांखाली खळगा पडणं, ओठ निळसर होणं, दूध न ओढणं, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा.
- आईचं दूध थांबवू नका. थोडं थोडं, वारंवार पाजा.
- मागच्या वेळच्या चिठ्ठीवरून किंवा शेजारच्या बाळाचं उरलेलं प्रतिजैविक देऊ नका.

उद्या कदाचित लंगोटाच्या एका थेंबावरून "हा आरएसव्ही आहे आणि या बाळाला पुढे दम्याचा धोका आहे" असं काही मिनिटांत सांगणारं यंत्र येईलही. तोवर आजारी बाळाच्या उशाशी एक कागद ठेवा. किती वेळा दूध प्यायलं, किती वेळा लघवी केली, ताप किती होता, वेळेसकट लिहा. दवाखान्यात आल्यावर तो कागद आधी पुढे करा. पुष्कळदा भरती करायचं की घरी पाठवायचं, हे ठरवायला त्या चार ओळींची मोठी मदत होते.